विश्लेषण : मेंदूतील गाठ काढल्यावरही परत का येते? पेशींना वाट करून देणारी प्रथिने कोणती?

‘डॉक्टर म्हणाले होते, सगळी गाठ निघाली. मग काही महिन्यांत ती परत कशी आली?’ ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. शस्त्रक्रियेत काही राहून गेले का, दुसऱ्या रुग्णालयात न्यायला हवे होते का, अशा शंका मनात घर करतात. मात्र, या आजारात शस्त्रक्रियेचा दिवस उजाडेपर्यंत गाठीतील काही पेशी शेजारच्या निरोगी भागात शिरलेल्या असतात. त्यांना तिथवर पोहोचवणारी यंत्रणा प्रथिनांची असते. ती कशी चालते आणि तिला रोखणे इतके अवघड का, ते पाहू.

ग्लिओब्लास्टोमा म्हणजे काय?

चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना ग्लिया म्हणतात. त्यांच्याशी साधर्म्य असलेल्या पेशींची ही गाठ आहे. प्रौढांमध्ये मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींमध्ये हिचे प्रमाण सर्वाधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडते. शस्त्रक्रिया, त्यानंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध, असा उपचारांचा क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर जगभर रूढ झाला. त्या चाचणीत केवळ रेडिएशन घेतलेल्या रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ १२.१ महिने होता. औषधाची जोड दिल्यावर तो १४.६ महिने झाला. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. सुधारणा झाली, पण आजार हटला नाही.

मेंदूचा मोठा भागच काढला तर?

हा प्रयत्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोलच काढला आणि १९२८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तरीही आजार उलटला. १९३८ मध्ये हान्स शेरर यांनी या पेशींच्या वाटा नोंदवल्या. त्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, चेतातंतूंच्या जुड्यांमधून आणि चेतापेशींच्या अवतीभोवती सरकतात. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंवरून गाठ पलीकडे गेली, की एमआरआयमध्ये तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो.

विशेष म्हणजे इतर अनेक कर्करोगांप्रमाणे ही गाठ रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात क्वचितच जाते. तिचा सगळा प्रवास मेंदूच्या आतच चालतो. परत येते तेव्हाही ती बहुतेक वेळा मूळ जागेपासून साधारण २ सेंटिमीटरच्या आतच दिसते.

पेशी पुढे सरकते कशी?

मेंदूतील पेशींमधल्या फटी एका मायक्रोमीटरपेक्षाही अरुंद असतात. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. अशा दाटीतून जाण्यासाठी पेशीला तीन कामे करावी लागतात.

पहिले, पकड घेणे. पेशींमधल्या जागेत हायलुरॉनिक आम्लाचा जेलीसारखा थर असतो. चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवर वाचतो, तोच हा पदार्थ. गाठीच्या पेशींवरील सीडी४४ हे प्रथिन त्याला धरते. इंटिग्रिन नावाची प्रथिने आजूबाजूच्या इतर प्रथिनांना, विशेषतः रक्तवाहिन्यांभोवतीच्या आवरणाला पकडतात.

दुसरे, वाट मोकळी करणे. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही कात्रीसारखे काम करणारी प्रथिने आहेत. ती वाटेतील जाळे कापतात. एरवी जखम भरून येताना शरीरालाही अशा कात्र्या लागतात.

तिसरे, अंग चोरून फटीतून निघणे. पेशीचा मऊ भाग सहज दबतो, अडकते ते केंद्रक. स्नायूंच्या आकुंचनात काम करणाऱ्या मायोसिन कुळातील मायोसिन-२ हे प्रथिन मागून जोर लावते आणि केंद्रक फटीतून पुढे ढकलले जाते.

गाठ मेंदूच्या ‘नेटवर्क’मध्ये शिरते का?

गेल्या दशकातील सर्वांत धक्कादायक शोध हाच आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील फ्रँक विंकलर यांच्या गटाने उंदरांच्या कवटीत बारीक खिडकी करून गाठीचे अनेक महिने निरीक्षण केले. गाठीच्या पेशी लांब, बारीक नळ्या बाहेर काढतात, असे त्यांना दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार काही नळ्या अर्ध्या मिलिमीटरहून लांब होत्या. या नळ्या वाढवण्यात जीएपी-४३ या प्रथिनाचा हात असतो. गर्भात मेंदू घडताना चेतातंतू वाढवणारे हेच प्रथिन. कनेक्सिन-४३ हे दुसरे प्रथिन नळ्या एकमेकींना जोडते. अशा जोडलेल्या पेशी रेडिएशनचा मारा अधिक सहन करतात.

त्यापुढची पायरी २०१९ मध्ये उघड झाली. विंकलर यांचे हायडेलबर्गमधील सहकारी आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मिशेल माँजे यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवले, की निरोगी चेतापेशी गाठीच्या पेशींशी थेट जोडण्या करतात. चेतापेशीने सोडलेले ग्लुटामेट हे रसायन गाठीच्या पेशीवरील एएमपीए ग्राहक प्रथिने टिपतात. म्हणजे मेंदूच्या रोजच्या कामातील संकेतच गाठीला वाढीचे आणि पसरण्याचे बळ देतात. चेतापेशींकडून सुटणारे न्यूरोलिजिन-३ हे प्रथिनही गाठीची वाढ वेगाने करते, हे माँजे यांच्या गटाने २०१५ मध्येच दाखवले होते. या संशोधनासाठी विंकलर आणि माँजे यांना २०२५ चा ‘ब्रेन प्राइझ’ विभागून मिळाला.

मग ही प्रथिने रोखणारे औषध का नाही?

प्रयत्न झाले. एमएमपी कात्र्या बोथट करणारे मॅरिमास्टॅट हे औषध ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. उलट सांधेदुखीचा त्रास झाला, कारण निरोगी शरीरालाही ही प्रथिने हवी असतात. इंटिग्रिनची पकड सोडवणाऱ्या सिलेंजिटाइडची ५४५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांचा मध्यक जगण्याचा काळ २६.३ महिनेच निघाला.

यामागे प्रामुख्याने तीन अडचणी आहेत. एक प्रथिन अडवले, तर पेशी दुसऱ्या प्रथिनाच्या आधाराने वाट काढते. रक्त आणि मेंदू यांच्यातील नैसर्गिक अडसर अनेक औषधांना आत जाऊ देत नाही. आणि निदान होते तेव्हा पेशी आधीच पसरलेल्या असतात. वाट अडवून त्या माघारी येत नाहीत.

आता लक्ष कशावर?

आता भर चेतापेशी आणि गाठ यांच्यातील जोडणी तोडण्यावर आहे. फिट्सच्या आजारात वापरले जाणारे पेरॅम्पनेल हे औषध एएमपीए ग्राहक प्रथिने अडवते. उंदरांमध्ये त्याने गाठीची वाढ मंदावली. त्यानंतर जर्मनीत रुग्णांवरील चाचणी हाती घेण्यात आली. मात्र, ग्लिओब्लास्टोमावरचा हा सिद्ध झालेला उपचार नव्हे. ‘फिट्सचीच तर गोळी आहे’ म्हणून ती स्वतःहून सुरू करू नये.

रुग्णाच्या कुटुंबीयांनी काय लक्षात घ्यावे?

शस्त्रक्रियेनंतर ‘गाठ पूर्ण काढली’ असे सांगितले जाते, तेव्हा एमआरआयमध्ये दिसणारी गाठ काढली, असा त्याचा अर्थ असतो. विखुरलेल्या पेशी एमआरआयमध्ये दिसत नाहीत. शस्त्रक्रियेआधी ५-एएलए हे द्रव्य प्यायला देऊन निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकवण्याचे तंत्र आहे. त्यातही एकट्यादुकट्या पेशी सुटतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आसपासचा निरोगी मेंदू कापत जावे, तर बोलणे, चालणे, आठवणी धोक्यात येतात.

म्हणून जखम बरी झाल्यावर रेडिएशन आणि औषधे टाळू नयेत. ती या न दिसणाऱ्या पेशींसाठीच असतात. ठरलेल्या तारखेचे एमआरआयही चुकवू नयेत. डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : दिसणारी गाठ किती निघाली आणि आपल्या रुग्णाला बसेल अशी एखादी चाचणी सध्या सुरू आहे का? आणि गाठ परत आलीच, तर ‘आपलेच काही चुकले’ असा ठपका घरच्यांनी स्वतःवर ठेवू नये.