पुस्तक, पडदा आणि फळा

ऑनलाइन शिक्षण चालते का, हा प्रश्न अपुरा आहे. पुस्तक, फळा, दूरचित्रवाणी या वर्गातल्या इतर साधनांशी त्याचे कितपत जुळते, हे पाहायला हवे. धाराशिवच्या आसपास त्याची तीन उदाहरणे सापडतात.

पहिले १९७५ चे. १ ऑगस्टपासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. उमरग्याच्या सीमेपलीकडचा तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा त्यात होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. पण पडद्याला शंका विचारता येत नसे. मुलाला समजले का, हे शिक्षकानेच पाहायचे.

दुसरे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कविता ऐकायची, चित्रफीत पाहायची, ती त्या पानावरूनच. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. मात्र त्या चौकोनात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. तिथे पोहोचायला फोन आणि रेंज लागते.

तिसरे टाळेबंदीचे. शाळा बंद झाल्या. अनेक घरांत फोन एकच, तोही दिवसा वडिलांबरोबर शेतावर. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते. वेळ मात्र वाहिनीची, मुलाच्या सोयीची नव्हे.

म्हणजे प्रत्येक साधनाची उणीव दुसरे भरून काढते, पण सांधा जुळवणारा माणूस असेल तरच. आपल्याकडे याची कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पोरे बरोबर गेली, तर दप्तरातले पुस्तक जाते, त्यावरचा कोडही जातो. वर्गातला पडदा, फळा आणि शिक्षक मागे राहतात. ‘दीक्षा’ ॲपवरचे बरेचसे साहित्य रेंज असताना उतरवून घेतले, तर नंतर इंटरनेटविना पाहता येते. गाडी हलण्यापूर्वी शाळेतच ते पालकाच्या फोनवर उतरवून दिले, पाने आखून दिली आणि आठवड्यातून एकदा गुरुजींनी किंवा बाईंनी फोन करून उत्तरे विचारली, तर फडावरच्या खोपीतही शाळेचा धागा तुटणार नाही. या कामाला नवे यंत्र नको. निघण्याआधीचा एक दिवस आणि तो फोन कोण करणार, एवढे ठरवायला हवे.