मांडलेल्या पृष्ठांचे भाषांतर

खिळे जुळवून छापण्याच्या काळी एखादी पुस्तिका दुसऱ्या भाषेत आणावयाची झाल्यास भाषांतरकार मजकूर कागदावर लिहून देई व जुळारी सर्व पृष्ठे नव्याने जुळवी. १९८५ साली पेजमेकर व १९९९ साली इनडिझाइन हे संगणकीय कार्यक्रम आले आणि पृष्ठाची मांडणी पडद्यावरच होऊ लागली. ही मांडणी न मोडता तीतील मजकूर तेवढा कसा बदलावयाचा, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला.

इनडिझाइनची मूळ फाइल बहुतेक भाषांतर-साधनांना वाचता येत नाही. म्हणून ती प्रथम आयडीएमएल या रूपात काढून घेतात. हे रूप म्हणजे वस्तुतः एक गाठोडेच होय. ते सोडले असता आत अनेक लहान फाइली आढळतात. काहींत पृष्ठांची मापे, काहींत अक्षरांच्या शैली आणि काहींत केवळ मजकूर. मेमोक्यू, ट्रेडॉस यांसारखी साधने यांतील मजकूर उचलून एकेक वाक्य भाषांतरकारापुढे ठेवतात. ठळक वा तिरप्या शब्दांच्या जागी खुणा दिसतात. त्या भाषांतरातही योग्य शब्दाभोवती ठेवाव्या लागतात. झालेले प्रत्येक वाक्य साधनाच्या स्मृतीत साठते व तसेच वाक्य पुन्हा आले की आपोआप पुढे येते. शेवटी गाठोडे पुन्हा बांधले जाते.

परंतु वाक्य कोठे संपले, हे यंत्राला अर्थावरून कळत नाही. पूर्णविराम किंवा परिच्छेदाचा शेवट दिसला की ते तेथे तोडते. मांडणी करणाराने ओळ सुबक दिसावी म्हणून मध्येच एंटरची कळ दाबलेली असेल, तर एका वाक्याचे दोन तुकडे होतात. औषधाच्या पत्रकातील एक इंग्रजी सूचना घ्या: दोन वर्षांखालील बालकांना हे औषध देऊ नये. इंग्रजीत ‘हे औषध देऊ नये’ हा भाग आधी व बालकांचा उल्लेख मागाहून येतो. तुकड्यांचे जसेच्या तसे भाषांतर केल्यास पहिल्या ओळीत औषध कोणालाच देऊ नये असा अर्थ होतो, आणि ‘दोन वर्षांखालील बालकांना’ हे शब्द खाली निराधार लोंबकळतात. शिवाय तो अर्धा तुकडा स्मृतीत बसतो आणि दुसऱ्या एखाद्या पत्रकात निमूटपणे पुढे येतो! काही साधनांत तुकडे जोडता येतात. तथापि मूळ फाइलीतील असे तोड आधीच काढून टाकणे केव्हाही श्रेयस्कर.

देवनागरीचा एक विशेष निराळाच आहे. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींसाठी योग्य तो अक्षरजुळणीचा पर्याय निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते व जोडाक्षरे फुटतात. मांडणी करणारास मराठी येत नसल्यास ही चूक त्याच्या ध्यानातही येत नाही. याकरिता छपाईपूर्वीचे शेवटचे मुद्रित मराठी जाणणाराने मूळ पृष्ठाशेजारी ठेवून वाचावयाचे असते. त्यात मात्रा वरच्या ओळीला भिडल्या आहेत काय आणि चौकटीबाहेर मजकूर दडला आहे काय, हेही पाहतात.