बेटाची एकुलती एक टपालबोट

जहाज जुनें झालें म्हणजे तें धोक्याचें झालें, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, हें आपण एका टपालबोटीच्या हकीकतीवरून पाहूं.

दक्षिण अटलांटिक महासागरांत सेंट हेलेना नांवाचें बेट आहे. नेपोलियन 1821 मध्यें येथेंच कैदेंत वारला. केपटाऊनपासून हें बेट सुमारें 3,100 किलोमीटर दूर असून लोकवस्ती साडेचार हजारांच्या आसपास आहे. ॲबर्डीन येथें बांधलेली 'सेंट हेलेना' ही टपालबोट 1990 पासून तेथें पत्रें, औषधें, धान्य व उतारू नेत असे. दुसरी टपालबोट बेटास नव्हती.

सुरक्षितता आणि भरंवसा या दोन निराळ्या गोष्टी होत. उतारू जिवंत पोहोंचणें ही सुरक्षितता. ठरल्या दिवशीं पोहोंचणें हा भरंवसा. खारें पाणी पोलाद खातें, यंत्रें झिजतात. म्हणून जहाज ठराविक मुदतीनें कोरड्या गोदींत नेऊन तपासावें लागतें. तपासणी चोख असेल तर म्हातारें जहाजही सुरक्षित राहतें. मात्र दुरुस्तीचे दिवस वाढतात आणि भरंवसा उणावतो.

तसेंच येथें घडलें. नोव्हेंबर 1999 मध्यें वाटेंत यंत्र बिघडून बोटीस फ्रान्समधील ब्रेस्ट बंदर गांठावें लागलें, आणि बेटावरचे लोक अडकून पडले. 2016 मध्यें तिला निवृत्त करावयाचें ठरलें होतें; परंतु नव्या विमानतळावरील उलटसुलट वाऱ्यांमुळें विमानसेवा लांबली. 2017 च्या मार्चमध्यें तिच्या पंख्यांत दोष निघाला, तेव्हां गोदींत तिची दुरुस्ती करावी लागली. अखेर ऑक्टोबर 2017 मध्यें नियमित विमानें सुरू झालीं, आणि फेब्रुवारी 2018 मध्यें बोटीनें बेटाचा निरोप घेतला. अठ्ठावीस वर्षें तिनें खोळंबा केला, पण ती बुडाली नाहीं.

उलट आपल्याकडील 'रामदास' बोट 1936 सालीं बांधलेली, म्हणजे अवघी अकरा वर्षांची होती. 17 जुलै 1947 रोजीं रेवसकडे जातांना वादळी समुद्रांत ती उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. यावरून वय हा एकटाच धोका नव्हे, हें उघड होतें.

बिघाड दिसतांच मागें फिरणारा कप्तान उतारूंच्या शिव्या खातो. पण त्यांचे प्राण तोच वाचवितो. बोट उशिरां आली म्हणून रागावण्यापूर्वीं आम्हीं सर्वांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांच्या हातीं कारभार आहे, त्यांनीं जेथें एकाच बोटीवर साऱ्या गांवाचें जीवन अवलंबून आहे, तेथें दुसरी बोट वेळींच तयार ठेवावी.