न दिसणारी साखर

पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यांत भातकुली तालुक्यांतील पुष्कळ गांवें येतात. तेथील विहिरीचें पाणी ओंजळींत घेतलें तर निर्मळ दिसतें. पण तोंडांत घेतांच त्यांतील क्षार जिभेस कळतो. डोळ्यांस जें दिसत नाहीं तें पदार्थांत विरघळून राहूं शकतें, हा धडा ह्या भागांतील माणसास शाळेंत जाऊन शिकावा लागत नाहीं. मीठ निदान आपली चव तरी लपवीत नाहीं. परंतु हल्लीं घरोघर येऊं लागलेल्या तयार खाद्यपदार्थांतील साखर अशी आहे कीं, ती डोळ्यांस तर दिसत नाहींच, पण पुष्कळदां जिभेसहि नीटशी कळत नाहीं. ह्या न दिसणाऱ्या साखरेचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

वऱ्हाडांतील जुन्या घरांत गोड पदार्थ आपलें नांव सांगून ताटांत येत असे. पोळ्याची पुरणपोळी, संक्रांतीचा तिळगूळ, पाहुण्याच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा, ह्या सर्वांत गोडवा उघड होता व त्याचा दिवसहि ठरलेला होता. एरवीं रोजचें जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, वरण, पिठलें, ठेचा आणि ऋतूप्रमाणें भाजी. गृहिणीच्या हातून डब्यांतील साखर किती गेली तें तिला ठाऊक असे. कारण ती घालणारीहि तीच आणि मोजणारीहि तीच. आतां हें मोजण्याचें काम घराबाहेर गेलें आहे. साखर कारखान्यांत पडते, आणि घरीं येतो तो रंगीत कागदाचा बंद पुडा.

हा फरक किती मोठा आहे, हें समजण्यास शाळेंतील साधी बेरीज पुरे आहे. एका शाळकरी मुलाचा दिवस घ्यावा. सकाळीं त्यानें एक कप चहा घेतला. आईनें त्यांत दोन चमचे, म्हणजे सुमारें १० ग्रॅम साखर घातली. चहाबरोबर ग्लुकोजचीं चार लहान बिस्किटें खाल्लीं. अशा बिस्किटांत वजनाचा सुमारें चवथा हिस्सा साखरेचा असतो. तेव्हां २० ग्रॅम बिस्किटांतून ५ ग्रॅम साखर गेली. दुधांत शक्तिवर्धक म्हणून चॉकोलेटची पूड २० ग्रॅम घातली. अशा पुष्कळ पुडींत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास साखर असते, म्हणजे आणखी सुमारें ७ ग्रॅम झाली. दुपारीं दुकानांतून २०० मिलिलिटरांची शीतपेयाची बाटली आणली. दर १०० मिलिलिटरांस ११ ग्रॅम धरले तरी २२ ग्रॅम होतात. संध्याकाळीं समोशाबरोबर मोठा चमचाभर टोमॅटोचा सॉस घेतला. त्यांत सुमारें ४ ग्रॅम. एकूण बेरीज ४८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. ह्यांपैकीं आईनें स्वतःच्या हातानें घातलेली साखर फक्त दोन चमचे. उरलेली आठ चमचे साखर घरांतील कोणीहि पाहिली नाहीं.

कोणी विचारील कीं, इतकी साखर जिभेस कळत कशी नाहीं? ह्याचें कारण असें कीं, एक चव दुसरीस दाबून टाकते. सॉसमध्यें टोमॅटोचा व व्हिनेगरचा आंबटपणा असतो, शिवाय मीठ असतें. त्यांच्या आड साखर लपते. शीतपेयांत आम्ल असतें आणि तें अतिशय थंड करून पितात. थंडीनें गोडी कमी जाणवते. तीच बाटली उघडी ठेवून कोमट झाल्यावर चाखली तर घोट घेववत नाहीं, इतकी ती गोड लागते. कारखानदार साखर घालतात तीहि केवळ गोडीसाठीं नव्हे. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून पदार्थ अधिक दिवस टिकतो. भाजतांना ती बिस्किटास तांबूस रंग व खुसखुशीतपणा आणते. पदार्थाचें वजन व आकार वाढविते. आणि ती स्वस्त आहे. सारांश, साखर हें कारखान्याच्या दृष्टीनें फार सोयीचें द्रव्य आहे. तें खाणाराच्या शरीरासहि तितकेंच सोयीचें आहे कीं काय, हा प्रश्न निराळा.

पांढरी साखर ही ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या दोन साध्या शर्करांची जोडी आहे. ती पोटांत गेल्यावर लवकरच फुटते. ग्लुकोज रक्तांत उतरतें, आणि तें पेशींत पोंचविण्यासाठीं स्वादुपिंडास इन्सुलिन नांवाचा रस सोडावा लागतो. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. तें वरचेवर व फार प्रमाणांत आलें तर यकृत त्याचा मेद बनवूं लागतें. असा मेद यकृतांत सांचला, पोटाचा घेर वाढला, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम मंदावत जातो व स्वादुपिंडास अधिकाधिक राबावें लागतें. शेवटीं तें थकतें व रक्तांतील साखर चढीच राहते. हाच प्रौढ वयांतील मधुमेह होय. तो एकट्या साखरेनें होतो असें म्हणणें मात्र चूक ठरेल. आनुवंशिकता, वाढतें वजन, बैठें काम, अपुरी झोंप हींहि त्याचीं कारणें आहेत. परंतु जें कारण माणसाच्या हातांत आहे, त्याकडे दुर्लक्ष करण्यास ही सबब पुरेशी नाहीं. दांतांची गोष्ट तर ह्याहून सरळ आहे. तोंडांतील जंतु साखरेवर जगतात व तिचें आम्ल बनवितात; त्या आम्लानें दांताचें कवच झिजतें. म्हणूनच दिवसांतून एकदां गोड खाणाऱ्यापेक्षां घडोघडीं बिस्कीट तोंडांत टाकणाऱ्या मुलाचे दांत लवकर किडतात.

ह्या ठिकाणीं एक शंका स्वाभाविक आहे. फळांतहि साखर असते. मग फळें वर्ज्य करावयाचीं काय? उत्तरासाठीं दूर जावयास नको. ज्या अमरावती जिल्ह्यांत भातकुली आहे, त्याच जिल्ह्यांतील वरूड व मोर्शी हे तालुके संत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहेत. सोललेल्या १०० ग्रॅम संत्र्यांत सुमारें १० ग्रॅम साखर असते; पण तिच्याबरोबर सुमारें २ ग्रॅम चोथा, भरपूर पाणी व क जीवनसत्त्वहि असतें. संत्रें सोलावें लागतें, फोड चावावी लागते, आणि दोन संत्र्यांनंतर हात आपोआप थांबतो. चोथ्यामुळें साखर रक्तांत हळूहळू उतरते. उलट, संत्र्याचें चित्र असलेलें बाटलींतलें पेय दोन मिनिटांत संपतें, त्यांत चोथा नसतो, आणि पातळ पदार्थानें पोट भरल्याची जाणीव नीट होत नाहीं. म्हणून बाटलीहि रिचवली जाते व त्यावर जेवणहि होतें. ज्या जिल्ह्यांत संत्रीं पिकतात, तेथील मुलानें संत्र्याच्या चित्रास पैसे मोजावे ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

साखर किती खावी ह्याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं स्पष्ट मर्यादा सांगितली. वरून घातलेली साखर आणि मध, पाक व फळांचे रस ह्यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या शेंकडा दहा टक्क्यांहून कमी असावी. पांच टक्क्यांपर्यंत उतरल्यास अधिक चांगलें. मोठ्या माणसाच्या बाबतींत दहा टक्के म्हणजे सुमारें ५० ग्रॅम व पांच टक्के म्हणजे सुमारें २५ ग्रॅम. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक संस्थेनें २०१६ मध्यें दोन ते अठरा वर्षांच्या मुलांस वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षां कमी द्यावी व दोन वर्षांखालील बालकांस ती मुळींच देऊं नये, असा सल्ला दिला. वर ज्या मुलाचा दिवस मोजला, त्याचे ४८ ग्रॅम ह्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भरतात.

लहानपणीं साखर कमी मिळाल्याचा लाभ जन्मभर टिकतो, असें दाखविणारा एक दाखला इंग्लंडमध्यें सांपडतो. दुसऱ्या महायुद्धामुळें तेथें १९४० पासून साखरेवर नियंत्रण होतें. तें १९५३ मध्यें उठलें आणि साखरेचा खप थोड्याच काळांत जवळजवळ दुप्पट झाला. २०२४ मध्यें ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, नियंत्रण उठण्याच्या अगोदर व नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना करण्यांत आली. गर्भावस्थेंत व पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वांट्यास कमी साखर आली, त्यांच्यांत पुढें मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला. भारतांत ही गोष्ट क्षुल्लक मानतां येणार नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

असें असतां बालकांच्या अन्नांतच साखर आढळावी, ह्याचें आश्चर्य वाटतें. एप्रिल २०२४ मध्यें स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ ह्या संस्थेनें असें उघडकीस आणलें कीं, नेस्ले कंपनीच्या भारतांत विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक ह्या बालान्नांत एका वेळच्या घांसांत सरासरीनें सुमारें २·७ ग्रॅम साखर घातलेली होती, व युरोपांतील कांहीं देशांत तसलेंच अन्न ती साखर न घालतां विकलें जात होतें. त्याच वर्षीं पुढें कंपनीनें परिष्कृत साखर न घातलेले प्रकार भारतांत आणले. त्याच महिन्यांत केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानें, दुधांत घालावयाच्या अशा पुडी ‘आरोग्यपेय’ ह्या सदराखालीं विकूं नयेत, असें इंटरनेटवरील विक्रेत्यांस कळविलें. कारण कायद्यांत ‘आरोग्यपेय’ अशी कांहीं व्याख्याच नाहीं. मे २०२५ मध्यें केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांस ‘साखर फलक’ लावण्यास सांगितलें, म्हणजे कोणत्या पदार्थांत किती साखर असते तें विद्यार्थ्यांस भिंतीवरच वाचतां यावें. ही योजना मराठी शाळांनींहि उचलण्यासारखी आहे. त्यास एक कागद, एक पेन व एक उत्साही वर्ग एवढेंच लागतें.

सर्वांत अधिक सावधपणा हवा तो ज्यांस मधुमेह जडला आहे अशा घरांत. पुष्कळ गृहस्थ चहांतील साखर निग्रहानें सोडतात, आणि त्याच फिक्या चहांत दोन-तीन गोड टोस्ट बुडवून खातात. वैद्य विचारतात, तेव्हां ते प्रामाणिकपणें सांगतात कीं, साखर बंद केली आहे. त्यांचें बोलणें खोटें नसतें; फक्त टोस्टांतील साखर त्यांना दिसलेली नसते, आणि टोस्टांतील मैद्याचेंहि पोटांत ग्लुकोजच होतें. दुसरे कित्येक साखर सोडून गूळ धरतात. गुळांत थोडे खनिज क्षार असतात हें खरें, पण त्याचा फार मोठा हिस्सा साखरच आहे. रक्तास गूळ व साखर ह्यांतला भेद कळत नाहीं. मधाचेंहि तसेंच.

मग ही साखर ओळखावयाची कशी? पुड्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ती लिहिलेली असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणें पुड्यावर एकूण साखर व वरून घातलेली साखर, दोन्हीं देणें आवश्यक आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. जें पहिलें तें सर्वांत अधिक. मात्र एकच साखर तीन नांवांखालीं वांटली, तर प्रत्येक नांव यादींत खालीं सरकतें. म्हणून डेक्स्ट्रोज, सुक्रोज, फ्रुक्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्ट अर्क हीं सर्व साखरेचींच भावंडें समजावीं. दुसरी खूण आंकड्यांची. आंकडे बहुधा १०० ग्रॅमांस दिलेले असतात. घरांत किती ग्रॅम खाल्ले जातात त्याचा हिशेब स्वतः करावा व पांचानें भागून त्याचे चमचे करावे. बहुतेक पुड्यांवरील मजकूर इंग्रजींत असतो, ही अडचण खरी आहे. पण सहाव्या-सातव्या इयत्तेंतील मुलीस तीं अक्षरेंहि वाचतां येतात व भागाकारहि करतां येतो. तिनें घरांतील प्रत्येक पुड्यावर पेन्सिलीनें चमच्यांचा आंकडा लिहून ठेवला, तर आजीस इंग्रजी न येण्यानें कांहीं अडणार नाहीं.

शेतावर जाणाऱ्या बाईस सकाळीं वेळ नसतो आणि बिस्किटांचा पुडा थोडक्या पैशांत मिळतो, हें दृष्टिआड करून उपदेश करण्यांत अर्थ नाहीं. पण फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या ह्यांसहि चूल पेटवावी लागत नाहीं. बाटलीच्या ऐवजीं ताक, पेयाच्या ऐवजीं संत्रें, सॉसच्या ऐवजीं घरची चटणी, हे बदल श्रीमंतीचे नाहींत. सर्व एकदम करण्याचेंहि कारण नाहीं. गोडीची संवय जशी लागते तशी ती कांहीं आठवड्यांत उतरतेहि. चहांतील साखर दर आठवड्यास पाव चमचा कमी केली तर जिभेस फारसें कळत नाहीं.

पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळी अवश्य खावी. ती सर्वांनीं मिळून, पाहून व जाणून खाल्लेली असते. ज्या साखरेचा आनंदहि मिळत नाहीं आणि हिशेबहि लागत नाहीं, ती तेवढी कमी करावी. आणि त्याचा आरंभ घरांतील सर्वांत लहान मुलाच्या वाटीपासून करावा, कारण त्याला पुडा वाचतां येत नाहीं.