धुराडं, गिरणी आणि मंडई

मंडईचा तो अष्टकोनी मनोरा पाहिला, की मला विलायतेतली धुराडी आठवतात. दोहोंचा संबंध काय, असं आपण विचाराल. संबंध आहे तो पोरांचा.

व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात घरोघर दगडी कोळसा पेटे. धुराडी इतकी अरुंद, की काजळी खरवडायला लहानच अंग हवं. मग गरिबाघरची, अनाथ, पाच-सहा वर्षांची पोरं उस्तादाच्या हवाली होत. कोपरं, गुडघे सोलवटले, की कातडी निबर व्हावी म्हणून वर मिठाचं पाणी चोळत. आठ वर्षांखालची मुलं घेऊ नयेत, असा कायदा १७८८ मध्येच झाला होता. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला बंदी आली. अर्थात कागदावर! १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळ धुराड्यात अडकून गेला. त्याच वर्षी परवाना आणि पोलिसांची देखरेख सक्तीची झाली, तेव्हा कुठं ही प्रथा मिटली.

आणि त्याच १८७५ साली मुंबईच्या गिरण्यांची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला. तिथंही पोरं होतीच. १८८१ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्यांना बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास. ही सवलत होती, बरं का! नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. (ही पुरवणी आपण निवांत वाचतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.)

लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना मंडईच्या भव्य इमारतीचा प्रस्ताव आला. त्यांनी विरोध केला. हा पैसा प्राथमिक शाळांवर खर्च करा, म्हणाले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. गरिबाचं पोर गुरांमागं जातं, त्याला शाळेत आणायचं तर शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या, हेही सांगितलं. मला हे दुसरं म्हणणं अधिक मोलाचं वाटतं. नुसत्या बंदीनं काय होतं, ते इंग्लंडनं जवळजवळ शंभर वर्षं पाहिलं होतं.

इमारत झालीच, १८८६ मध्ये, रे मार्केट या नावानं. पुढं तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई!

लहानपणी मी आईबरोबर तिथं जाई. लिंबांच्या टोपलीमागं माझ्याच वयाचा एक मुलगा बसलेला असे. आईनं एकदा विचारलं, "शाळेत जातोस ना रे?"

"जातो की. आयला बरं असलं म्हंजी."

आता २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्यांना कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात हातभार लावायला मात्र मुभा आहे. लिंबं त्याच्या आईचीच होती. म्हणजे आजही त्याला टोपलीमागं बसता आलं असतं, फक्त शाळा सुटल्यावर.