चालतंय, पण बरोबर चालतंय का?

आमच्या नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. चार पावले टाकली की राज्य बदलते. माणूस तोच, कायदे वेगळे. संगणकाच्या भाषेचेही असेच होते, हे मला भाच्याच्या कोंबड्यांमुळे कळले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ती झळ सोसलेल्या गावात शेड म्हटले की जीव टांगणीला. उन्हाळ्यात पंखे थांबले तर कोंबड्या पटापट माना टाकतात. म्हणून भाच्याने दर दहा मिनिटांनी तापमान पाहणारे, उष्मा वाढताच भोंगा वाजवणारे यंत्र करायला घेतले. प्रोग्रॅम लॅपटॉपवर पायथन भाषेत लिहिला. यंत्रात बसवली ती ‘ईएसपी३२-सी३’ ही स्वस्तातली चिप. तिची घडण ‘रिस्क-फाइव्ह’ पद्धतीची. २०१० मध्ये बर्कले विद्यापीठात सुरू झालेली ही पद्धत कोणालाही परवाना शुल्काविना वापरता येते. आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ ही तिचीच भावंडे.

एवढ्याशा चिपवर अख्खे पायथन मावत नाही. तिच्यासाठी ‘मायक्रोपायथन’ ही आटोपशीर आवृत्ती आहे, तीही सर्वांना खुली आणि फुकट. भाषा अशी नव्या चिपवर नेण्याला ‘पोर्ट’ म्हणतात.

‘‘मामा, चालतंय की!’’ भाचा खुशीत म्हणाला. पण मी पडलो गणिताचा मास्तर. ताळा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकच प्रोग्रॅम आम्ही दोन्हीकडे चालवून पाहिला. तापमान जुळले, भोंगाही वाजला. मग माझी नजर सेकंद मोजणाऱ्या आकड्याकडे गेली. तो भाच्याने दशांशात ठेवला होता.

लॅपटॉपवर दशांश संख्येला ६४ बिटांची जागा मिळते, या चिपवरच्या मायक्रोपायथनमध्ये ३२. म्हणजे साधारण सातच अंक भरवशाचे. आम्ही मोजणी मुद्दाम १,६७,७७,२१० पासून सुरू केली. लॅपटॉप पुढे गेला. चिपवरचा आकडा सहा सेकंदांत १,६७,७७,२१६ वर पोचला आणि तिथेच थिजला! त्यात एक मिळवला तरी उत्तर तेच. इतके सेकंद म्हणजे १९४ दिवस. यंत्र सहा महिने चोख चालले असते, आणि मग एके दिवशी गुपचूप तापमान पाहणेच थांबले असते.

दोष भाषेचा नव्हता. लहान जागेत संसार थाटायचा तर काही सामान मागे ठेवावे लागते, आणि खुल्या भाषेत ते कोणते हे कोणालाही वाचता येते. वाचले नव्हते ते आम्ही. उपाय सोपा निघाला. पूर्णांकांवर तिथे ही मर्यादा नाही, म्हणून सेकंद पूर्णांकात मोजायला घेतले. मोजणी सुरळीत झाली.

फुकट मिळालेली वस्तू पारखून घेऊ नये, असे आपल्याला उगाच वाटते. उलट, खुली वस्तू आपल्याला उघडून पाहायचा हक्क देते. तो बजावायचा की नाही, हे आपल्या हाती. भाचा आता ‘चालतंय’ म्हणत नाही. ‘‘मामा, ताळा केलाय,’’ म्हणतो.