अध्यक्ष बदलतात, काटा तोच राहतो

संस्थेचा अध्यक्ष बदलला की संस्थाही बदलली, अशी समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात खोलवर रुजलेली आहे. घोड्यांच्या शर्यतींचे क्षेत्र तिला अपवाद नाही. मुंबईच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक आली, की कोणता गट सरशी करणार आणि अध्यक्षपदी कोण बसणार, याची चर्चा रंगते. नवे अध्यक्ष येतात, आश्वासने देतात आणि यथाकाल जातात. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी राहतात. याचे कारण व्यक्तींच्या गुणदोषांत शोधण्यापेक्षा संस्थेच्या घडणीत शोधणे अधिक उचित होय.

मुळात शर्यतींचे नियमन करणारी वैधानिक राष्ट्रीय संस्था आपल्या देशात नाही. पैज आणि जुगार हे विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातले आहेत. मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथील पाच क्लब आपापल्या क्षेत्रात सर्वाधिकारी असून, ‘टर्फ ऑथॉरिटीज ऑफ इंडिया’ ही त्यांच्यातील समन्वयाची व्यवस्था आहे. हे क्लब नियम करतात, शर्यती भरवतात, पैजांच्या उलाढालीतून उत्पन्न मिळवतात, जॉकींना व प्रशिक्षकांना परवाने देतात आणि नियमभंगाबद्दल शिक्षाही करतात. समितीवर बसणारे सभासद स्वतः घोड्यांचे मालक असू शकतात. कायदेमंडळ, शासन, न्यायासन आणि दुकान ही चारही एकाच छपराखाली नांदत असतील, तर गादीवर कितीही सज्जन मनुष्य बसवला तरी संशयाला जागा उरणारच.

विदर्भाच्या वाचकाला हा दोष निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कापूस विकत घेणारा अडत्या आणि कापूस तोलणारा काटा ही दोन्ही एकाच हाती असली म्हणजे काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवले आहे. म्हणूनच १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचे नियमन करणारा कायदा आला आणि पुढे यथावकाश बाजार समित्यांवर उत्पादकालाही स्थान मिळाले. त्या समित्या निर्दोष आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, ज्याचा माल त्याचाच काटा असू नये, हे तत्त्व त्यांनी रुजविले. गांधीबागेतला कापडाचा लहानसा व्यापारीही आपले वजनमाप सरकारी शिक्क्याविना वापरू शकत नाही. मग कोट्यवधींच्या उलाढालीला निराळा न्याय का?

शर्यती हा मूठभर श्रीमंतांचा षौक असून सामान्य नागरिकाला त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला महालक्ष्मीचे मैदान हेच उत्तर आहे. ही सुमारे २११ एकरांची जमीन सार्वजनिक मालकीची. १९१४ साली सुरू झालेला तिचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतरच्या दशकभरात क्लबच्या समित्या बदलल्या, परंतु नवा करार होण्यास २०२४ साल उजाडले. त्यान्वये १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, असा निर्णय झाला. त्यापूर्वी क्लबने आपल्या सभासदांचा कौल घेतला आणि बहुमत आराखड्याच्या बाजूने पडले. सभासदांनी आपला हक्क बजावला, यात गैर काही नाही. परंतु जमिनीचा खरा धनी जो नागरिक, त्याला अशा कौलाची संधी मिळाली नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरा उपेक्षित घटक म्हणजे तिकीट काढून पैज लावणारा सामान्य प्रेक्षक. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. पैजेच्या संपूर्ण रकमेवर कर आकारला, म्हणजे शंभर रुपयांच्या पैजेमागे चाळीस रुपये सरकारजमा होतात. एवढा भार पडल्यावर खेळणारा नीतिमान होऊन घरी बसत नाही. तो कर न भरणाऱ्या बेकायदा बुकीकडे वळतो. सरकारचा महसूल बुडतो, क्लबचे उत्पन्न घटते आणि तबेल्यातल्या मोतद्दाराच्या रोजीवर गदा येते. या मोतद्दाराला ना क्लबमध्ये मत, ना सरकारदरबारी आवाज.

यावर क्लबच सरकारने ताब्यात घ्यावेत, असा सोपा उपाय काहीजण सुचवतील. तमिळनाडूने १९८६ मध्ये मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो रद्दबातल ठरवला आणि घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच सरकारने गिंडीच्या मैदानाचा भाडेपट्टा रद्द केला. वस्तुतः मालकी कोणाची हा प्रश्न गौण आहे. देखरेख कोणाची हा मुख्य. सरकारने दुकान चालवावे आणि काटाही सरकारनेच धरावा, ही व्यवस्था जुन्याहून बरी कशी म्हणावी?

ज्या ब्रिटनकडून आपण हा खेळ घेतला, तेथील जॉकी क्लबनेही नियमनाचे अधिकार टप्प्याटप्प्याने सोडले आणि २००७ पासून ते एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे एकवटले. अमेरिकेने २०२० मध्ये कायदा करून सुरक्षितता व उत्तेजक द्रव्यांची तपासणी यांसाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापले आणि त्याच्या मंडळात उद्योगाबाहेरच्या सदस्यांचे बहुमत ठेवले. आपल्याकडे संसदेच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९१२ च्या कायद्यान्वये रेसकोर्सला परवाना राज्य सरकारच देते. परवान्याची आणि भाडेपट्ट्याची अट म्हणूनच महाराष्ट्राला स्वतंत्र नियामक मंडळ आणता येईल. त्यावर निवृत्त न्यायाधीश, पशुवैद्य आणि लेखापाल असावेत. जॉकी, मोतद्दार व प्रेक्षक यांचे प्रतिनिधीही असावेत. घोडा पाळणाऱ्याला मात्र त्यावर स्थान नसावे. क्लबांनी शर्यती भरवाव्यात, निवाडा इतरांनी करावा.

असे मंडळ आले, तर अध्यक्षपदी कोण बसतो याला आजच्याइतके महत्त्व उरणार नाही, आणि ती सुधारणेची खरी खूण ठरेल. चांगल्या माणसाची वाट पाहत राहणे हे दैववादाचे लक्षण आहे. सामान्य माणूस सत्तेवर असतानाही ज्या संस्थेचा काटा सरळ राहतो, तीच संस्था टिकते.